वजावटीतली भांडी

मिनेसोटाच्या उत्तरेला टोर्निंग नावाचं गाव आहे. तिथली माणसं भारी भिडस्त. एकदा कार्ल नावाच्या म्हाताऱ्याच्या घराला आग लागली, बंब आला, तर हा दारात उभा राहून म्हणाला, "तुम्हाला दुसरीकडे कुठे जायचं असेल तर आधी ते उरका. आमचं काय, सावकाश चाललंय." घर गेलं. बंबवाल्यांना त्याने कॉफी मात्र गरमागरम पाजली. ती कशावर तापवली, ते विचारू नका.

अशा या गावात ऑक्टोबरच्या शेवटी ऑर्डेल फॉसमची बायको मेव्हिस गेली. उन्हाळाभर तिला घेऊन तो इस्पितळाच्या फेऱ्या मारत होता. आयुष्यभर काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवलेला माणूस, जागरणाला भ्यायचा नाही. पण ती गेल्यावर जो थकवा आला, तो झोपेने उतरणारा नव्हता. बुटाची नाडी बांधायला वाकला की तिथेच थोडा वेळ वाकून राहायचा. पुन्हा उठायचं कशासाठी, हे आठवेपर्यंत.

टोर्निंगमध्ये कुणी गेलं की लोकांना बोलायला शब्द सापडत नाहीत. म्हणून ते हॉटडिश घेऊन येतात. खाली खिमा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याचे गोळे, आणि हे सगळं काचेच्या जाड भांड्यात भट्टीत भाजलेलं. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. बाई दारात उभी राहते, भांडं पुढे करते, "गार पडलंय हो यंदा लवकर," म्हणते आणि जाते. दुखवटा झाला.

मेव्हिसवर गावाचा जीव होता. फ्रीज भरला, गॅरेजमधली फळी भरली, मग आंघोळीच्या टबात बर्फ घालून त्यात भांडी ठेवावी लागली. ऑर्डेल नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत उभ्या उभ्या गॅरेजमध्ये आंघोळ करत होता. कुत्र्याने पहिला आठवडा आनंदाने खाल्लं, दुसरा आठवडा कर्तव्य म्हणून खाल्लं, आणि तिसऱ्या आठवड्यात ते शेजारच्या गावी कुठल्याशा नातेवाइकाकडे राहायला गेलं.

घोळ झाला तो भांडी घासताना. मेव्हिस नेहमी म्हणायची, "कढत पाण्यात भिजत घाल रे, खरवडू नकोस." तिच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून ऑर्डेलने सगळी भांडी रात्रभर कढत पाण्यात भिजत घातली. सकाळी पाहतो तर पट्ट्या सुटून वर तरंगतायत. लव्हॉन, आयोन, जॉयस, हुल्डा, सगळ्या जणी सिंकमध्ये पाण्यावर पसरलेल्या. खाली काच तेवढी एकसारखी, पांढरी, निळ्या फुलांची. नावं सगळी हाताशी होती. कुठलं नाव कुठल्या बुडाचं, हे मात्र देवालाच ठाऊक.

आता शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवू नये, हे तिथेही कुणाला शिकवावं लागत नाही. पण ऑर्डेलला करता यायचं काय? टोस्ट. टोस्ट भरून भांडं परत द्यायचं? आणि कुणाला? लव्हॉनच्या दारात आयोनचं भांडं घेऊन गेलो तर लव्हॉन काही बोलणार नाही. "अय्या, कशाला त्रास घेतलात," म्हणून ठेवून घेईल. आणि मग आयोनला कळेल की आपलं भांडं लव्हॉनकडे आहे, आणि तीही काही बोलणार नाही, आणि त्या दोघी पुढची वीस वर्षं एकमेकींशी काही बोलणार नाहीत. ऑर्डेलला विचारानेच दमायला झालं. त्याने भांडी पुसली आणि जेवणाच्या टेबलावर रचून ठेवली. रास इतकी उंच झाली की वरच्या भांड्यांवर बर्फ पडतो, असं तो म्हणायचा. छप्पर गळत होतं हे सांगायचा नाही.

यात खरं काय गेलं, तर त्याची रविवारची खुर्ची गेली. प्रार्थना झाली की चर्चच्या तळघरात सगळे कॉफीला बसायचे, आणि हीटरजवळच्या टेबलाशी त्याची आणि मेव्हिसची जागा ठरलेली. तिथे तीन-चार म्हातारे हवामानावर बोलायचे, बायका मागच्या स्वयंपाकघरात. एवढाच त्याचा गोतावळा. पण आता तळघरात उतरायचं म्हणजे लव्हॉन, आयोन, जॉयस या सगळ्यांच्या नजरा. त्या काही विचारायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, "बरं चाललंय ना, ऑर्डेल?" आणि त्या "बरं"मध्ये त्याला आपला टेबलावरचा काचेचा डोंगर दिसायचा. म्हणून तो प्रार्थना संपता संपता बाजूच्या दाराने सटकायचा.

ॲरिझोनातून मुलीचा फोन यायचा. "बाबा, या ना इकडे. तिथे बसता कुणापाशी?"

"माणसं आहेत की," ऑर्डेल म्हणायचा.

"कोण? नाव सांगा एक."

"हवा कशी आहे तुमच्याकडे?" ऑर्डेल विचारायचा.

डिसेंबरात तो रोलंडकडे गेला. रोलंड हा अवजारांच्या दुकानामागच्या खोलीत बसून सबंध गावाचे कराचे कागद भरून द्यायचा. हुशार माणूस, फक्त पोटात काही राहायचं नाही. सगळ्या गावाची तोंडं मिळून जेवढी गप्प, तेवढं एकट्या रोलंडचं तोंड चालू.

"ऑर्डेलकाका," कागद चाळत तो म्हणाला, "यंदा इस्पितळाचा खर्च एवढा झालाय की ठोक वजावट घेण्यापेक्षा एकेक खर्च वेगळा दाखवला तर कर कमी बसेल. दरवर्षी तुम्हाला काही उपयोग नसतो, यंदा आहे. दानसुद्धा दाखवता येईल. घरात काही पडून आहे का द्यायला? एकतीस तारखेच्या आत धर्मादाय दुकानात टाका आणि पावती घ्या. कपडे, सामान, काहीही. फक्त चांगल्या, वापरण्याजोग्या स्थितीत पाहिजे. फाटकंतुटकं सरकारला चालत नाही."

"भांडी आहेत," ऑर्डेल म्हणाला. "पण ती लोकांची आहेत. मेव्हिस गेली तेव्हा आलेली."

"मागितली कुणी परत?"

"नाही."

"दोन महिन्यांत एकीनेही नाही?"

"नाही बुवा."

"मग ती भेट झाली!" रोलंडने पेन टेबलावर आपटलं. "भेट तुमची. तुमची वस्तू तुम्ही दान करा. कायदा साधा आहे."

कायदा साधा असेल, पण तो कुठल्या तरी बोलक्या गावात लिहिलेला. टोर्निंगमध्ये कुणी काही मागत नाही याचा अर्थ एवढाच, की कुणी काही मागत नाही. हे रोलंडला कळायला हवं होतं, तो तिथलाच. ऑर्डेललाही कळत होतंच. पण दमलेल्या माणसाला कुणी "हे तुझंच आहे, दे फेकून" म्हटलं, की तो उलट विचारत बसत नाही. त्याने टेबलावरची आणि ओट्याखालच्या कपाटातलीही सगळी भांडी खोक्यांत भरली आणि नाताळानंतरच्या बर्फात तालुक्याच्या गावी गेला. तिथे चार-पाच गावच्या चर्चांनी मिळून चालवलेलं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. मागच्या दारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईने एक भांडं उजेडात धरून पाहिलं.

"देवा, किती लख्ख! आणि एवढी! तुमच्या मिसेसना स्वयंपाकाची हौस दिसते."

"होती," ऑर्डेल म्हणाला.

बाईने पावती फाडली. त्यावर "घरगुती भांडी, सहा खोकी" एवढंच लिहिलं. किंमत तिने घालायची नसते. ज्याची वस्तू त्याने घालायची. ऑर्डेल गाडीत येऊन बसला. घरी टेबल मोकळं झालेलं पाहून त्याला वाटलं, चला, आता रविवारी खाली उतरायला हरकत नाही.

रविवारी तो तळघराच्या पायऱ्यांपर्यंत गेलासुद्धा. वरूनच त्याला कपांचा आवाज आला, बायकांचं हसू आलं. तिसऱ्या पायरीवर त्याच्या मनात आलं, कुणी विचारलं तर काय सांगू? पूर्वी निदान भांडी घरात होती. तो मागे फिरला.

फेब्रुवारीत रोलंडचा फोन आला. "काका, पावतीवर आकडा घालायचाय. मनाने नाही घालायचा. तसलं भांडं त्या दुकानात आज कितीला विकलं जातंय, तो आकडा. जाऊन बघून या."

म्हणून ऑर्डेल पुन्हा तालुक्याला गेला. भांड्यांची फळी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात होती. तो कोपऱ्यावरून वळला आणि थांबला. फळीपुढे लव्हॉन उभी होती. शेजारच्या घरातली लव्हॉन, तिच्या जांभळ्या कोटात. एकेक भांडं उचलायची, उलटं करायची, बुडावरून अंगठा फिरवायची आणि ठेवायची. एका भांड्याशी तिचा अंगठा थांबला. कडेला कसलासा बारीक टवका होता. तिने ते पोटाशी धरलं, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर धरतात तसं.

मग तिला ऑर्डेल दिसला.

कुठल्याही दुसऱ्या गावात इथे काहीतरी घडलं असतं.

"अरे, ऑर्डेल."

"लव्हॉन."

"रस्ता बरा होता?"

"वळणावर थोडा गुळगुळीत होता."

"हो ना. वळणावर जपावं लागतं." लव्हॉनने भांडं कोटाच्या आड सरकवलं. जांभळ्या कोटाला चौकोनी पोट आलं. "मी आपली, हे, दिवा बघायला आले होते. टेबलावरचा."

"दिवे पुढे आहेत," ऑर्डेल म्हणाला.

"हो का? बघा, मी मागे शोधतेय."

ती पुढे गेली. ऑर्डेल फळीकडे तोंड करून उभा राहिला. गल्ल्यापाशी तिने स्वतःच्या भांड्याचे चार डॉलर मोजून दिलेले त्याला ऐकू आले. त्याने वळून पाहिलं नाही. फळीवर आता पाच-सहाच भांडी उरली होती. सहा खोकी भरून आणलेली, आणि पाच-सहाच. म्हणजे लव्हॉन पहिली नव्हती. जवळजवळ शेवटची होती.

घरी न जाता तो तसाच रोलंडकडे गेला. रोलंड त्याची वाटच बघत होता. त्याच्या पोटात काहीतरी मावेनासं झालं होतं.

"काका, नाव नाही सांगणार. पण या महिन्यात माझ्याकडे सात बायका आल्यात, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न. म्हणतात, आम्ही चर्चच्या दुकानात पैसे दिले, ते दान म्हणून दाखवता येतील का? मी म्हटलं, बाई, पैसे देऊन वस्तू आणली ती खरेदी, दान कसलं? तर म्हणतात, वस्तू आधीपासून माझीच होती. आपलीच वस्तू आपण विकत कशी घेणार? म्हणजे खरेदी झालीच नाही. म्हणजे दिले ते दानच!" रोलंडने डोकं धरलं. "मी रात्रभर पुस्तकं चाळली. याला उत्तर नाही हो. एकच भांडं, तुम्हीही वजावट मागणार आणि त्याही मागणार. हे भांडं अजून दोनदा गावात फिरलं तर सरकारच आपल्याला देणं लागेल!"

ऑर्डेल हसला नाही. तो खुर्चीत बसला होता आणि त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते.

"सगळ्यांना माहितेय तर."

"तसं कुणी काही बोललं नाहीये."

"तेच म्हणतोय मी." ऑर्डेलने टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं. "रोलंड, ती ओळ काढून टाक. खालची सही माझी आहे. माझं नाही ते मी दिलं म्हणून सही नाही करणार."

"बरं. मग असं करू, जी तुमची स्वतःची होती तेवढीच ठेवू. मेव्हिसकाकूंची किती होती त्यात?"

ऑर्डेल आठवायला लागला. मेव्हिसचं भांडं कुठलं? तिच्या हातचं त्याने आयुष्यभर खाल्लं. निळ्या फुलांचं? पांढरं? झाकण होतं? त्याला फक्त तिचा हात आठवला, जाड हातमोज्यातला, भट्टीतून काहीतरी बाहेर काढणारा. हातात काय होतं ते दिसेना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "सगळंच काढ."

त्या रात्री फोनवर मुलीने विचारलं, "बाबा, कुणाशी बोललात आज?" तर ऑर्डेल म्हणाला, "रविवारनंतर सांगतो. रविवारी एक काम आहे. ते झालं नाही, तर येतो तुझ्याकडे." मुलीला वाटलं, बाबांनी अखेर मनावर घेतलं. तिने लगेच खोली झाडायला घेतली.

रविवारी ऑर्डेल तळघरात उतरला. दुपारी ओरिन नावाच्या म्हाताऱ्याचं दफन होतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर हॉटडिशची रांग लागलेली. सगळी भांडी ओळखीची. प्रत्येकीच्या बुडाला नवी पट्टी असणार. हीटरजवळ त्याची खुर्ची रिकामी होती, शेजारची मेव्हिसचीही. तो तिथे गेला नाही. कॉफीच्या टाकीपाशी उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला. टोर्निंगमध्ये कुणी घसा खाकरून बोलायला लागलं तर समजायचं, चक्रीवादळ येतंय. सगळे कप थांबले.

"तुमची भांडी मी दान केली," ऑर्डेल म्हणाला. "पट्ट्या निघाल्या होत्या. परत देता आली नाहीत, विचारता आलं नाही. वर करात वजावट मागणार होतो. तुम्हाला तुमचीच भांडी विकत घ्यावी लागली. एवढंच."

हीटरच्या पाइपातून पाणी गेलेलं ऐकू आलं.

मग लव्हॉन म्हणाली, "माझं नव्हतंच हो त्यात. मी माझं केव्हाच नेलं होतं."

"माझंही घरीच आहे की," आयोन म्हणाली.

"मी कागदाच्या ताटलीत आणलं होतं," जॉयस म्हणाली. तिच्या मागे ओट्यावर तिचं भांडं उभं होतं, कोपऱ्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

ऑर्डेल एकेकीकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं, ओरडतील, किंवा निदान गप्प बसतील. पण त्याचा गुन्हाच नाही म्हणतायत. माणसाला पाय टेकायला जमीनच नाही ठेवली. इतका थकवा त्याला इस्पितळाच्या फेऱ्यांतही आला नव्हता. त्याने टोपी उचलली.

"ए ऑर्डेल, थांब!"

स्वयंपाकघराच्या दारात हुल्डा उभी होती. वय नव्वदीच्या पुढे कुठेतरी. भीड नावाची गोष्ट तिने ऐंशीव्या वर्षी टाकून दिली होती. म्हणायची, वजन फार होतं.

"माझं होतं," ती म्हणाली. "तपकिरी, दोन कानांचं. चार डॉलर पडले मला. आणि या सगळ्यांचीही होती, खोटं बोलतायत मेल्या, चर्चमध्ये उभ्या राहून. म्हणे रिटर्न भरतो! अरे, रिटर्न भरलंस, पण भांडं भरून रिटर्न केलं असतंस तर?"

"मला फक्त टोस्ट येतो, हुल्डा."

"मग टोस्ट द्यायचास! आणि वजावट किती मागितलीस?"

"नाही मागितली. ओळ काढायला लावली. रोलंड म्हणाला, मेव्हिसची जेवढी होती तेवढी ठेवू." त्याचा आवाज बारीक झाला. "पण तिची कुठली होती, तेच मला सांगता येईना."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लव्हॉनच्या ओठाचा कोपरा हलला.

"मेव्हिसची?" हुल्डा म्हणाली. "मेव्हिसचं कुठलं आलंय भांडं! अरे, सबंध जन्मात त्या बाईने एक भांडं विकत घेतलं नाही. माझं तपकिरी तिने आमच्या थोरल्याच्या लग्नात नेलं, ते मला त्या दुकानात भेटलं!"

"माझं ओव्हल ती पुराच्या वर्षी घेऊन गेली," आयोन एकदम म्हणाली. "दरवेळी म्हणायची, रिकामं कसं देऊ, काहीतरी चांगलं करून देते."

"मलाही तेच!" जॉयस म्हणाली. "फळं भरून भाजलेला गोड पाय करून देते, म्हणायची. चेरीचा."

"मला सफरचंदाचा."

"दिला कुणाला?" हुल्डाने विचारलं.

कुणालाच दिला नव्हता. पहिली लव्हॉन फुटली. हसता हसता तिने डोळ्यांना ॲप्रन लावला आणि तो तिथेच धरून ठेवला. मग तळघरच फुटलं. मेव्हिस गेल्यापासून गावात तिचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, आता तिच्या एकेका उधारीची यादी निघाली: केकचा साचा, पोळपाटाएवढा तवा, चर्चची स्वतःची कॉफीची किटली. ऑर्डेल टोपी हातात घेऊन ऐकत होता. इतक्या वर्षांत त्याने जे जे खाल्लं, ते दुसऱ्यांच्या भांड्यांतलं. त्याला हसू यायला लागलं, आणि ते कुठून तरी फार खालून येत असल्यामुळे वर यायला वेळ लागला.

"चल, आत ये," हुल्डाने त्याच्या छातीवर ओलं फडकं फेकलं. "ओरिनचं जेवण व्हायचंय, मग एवढी सगळी घासायचीयत. नावं पुसण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, आता भांडी पूस."

त्या तळघराच्या स्वयंपाकघरात तोवर एकाही पुरुषाने पाऊल टाकलं नव्हतं. ओरिनला मूठमाती देऊन सगळे परतले, जेवले, पांगले. ऑर्डेल सिंकपाशी उभाच होता. पाय सुजले होते, पाठ धरली होती, आणि रास कमी व्हायचं नाव घेत नव्हती. कढत पाण्यात नव्या पट्ट्याही सुटून तरंगायला लागल्या. त्याने एक पांढरं भांडं पुसलं, निळ्या फुलांचं, बिनटवक्याचं, सगळ्यांत चांगलं, आणि वर धरलं.

"हे कुणाचं?" त्याने विचारलं. मोठ्याने विचारलं.

"माझं," लव्हॉन म्हणाली.

"तुझ्याला टवका आहे. हे माझं," आयोन म्हणाली.

"काय बाई धडधडीत!" जॉयस कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "माझ्या आईने दिलंय ते मला!"

टोर्निंग गावात भांड्याला भांडं लागलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आता तिघी एकदम बोलायला लागल्या, पुराच्या वर्षापासूनचं सगळं निघालं, आणि हुल्डा मधे पडून आगीत तेल ओतायला लागली. ऑर्डेलने भांडं मांडीवर घेतलं आणि तो स्टुलावर बसला. संपेल तेव्हा संपेल. त्याला कुठे जायचं नव्हतं.